जुन्नरचा दगड, जुन्नरचा कागद आणि संगणकाची तबकडी

पुणें-नाशिक रस्त्यानें उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला राजगुरुनगर मागें पडल्यावर मंचर लागतें आणि त्याच्या पुढें नारायणगांव. पहिलें आंबेगांव तालुक्यांतील, दुसरें जुन्नर तालुक्यांतील. कांदे-बटाटे आणि टोमॅटो यांच्या घाऊक व्यापारासाठीं हीं गांवें प्रसिद्ध. परंतु त्यांच्या बाजारपेठांतून संगणकाचीं दुकानेंहि आहेत. कॉलेजें उघडण्याच्या सुमारास मुलामुलींना घेऊन आलेले पालक तेथें लॅपटॉपची चौकशी करतात. दुकानदार पडद्याचा आकार सांगतो, किंमत सांगतो, आणि मग साठवणीचा प्रश्न निघतो : हार्ड डिस्क घ्यावयाची कीं एसएसडी? त्याच किंमतींत एकीची जागा दुप्पट, तर दुसरीचा वेग कित्येक पट. २०१० नंतरच्या दशकांत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक खरेदीला येई. आतां बहुतेक नवे लॅपटॉप एसएसडी घेऊनच कारखान्यांतून बाहेर पडतात. तरी जुनें यंत्र विकत घेणाराला, बाहेरून जोडावयाचें साधन निवडणाराला आणि थोड्या पैशांत पुष्कळ जागा हवी असलेल्या गृहस्थाला तो अजून चुकलेला नाहीं.

प्रश्न यंत्राचा दिसतो, पण मूळचा तो लेखनाचा आहे. लिहिलेलें कशावर ठेवावें, हें ठरविण्याची वेळ जुन्नरच्या मुलखावर फार वेळां आलेली आहे. आणि ज्यांनीं तें ठरविलें त्यांच्या लेखनाचें पुढें काय झालें, याचा पुरावाहि तेथें बराचसा जागेवरच आहे.

कोंकणांतून देशावर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग. घाटमाथ्याजवळ एक लेणें आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत एक लांब लेख कोरलेला आहे. तो नागनिका राणीचा असून इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. राजघराण्यानें केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, गांवें, कार्षापण नांवाचीं नाणीं. संख्या तेथें शब्दांनीं न लिहितां आंकड्यांनीं लिहिल्या आहेत, आणि भारतांतील अत्यंत प्राचीन आंकड्यांमध्यें त्यांची गणना होते. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ती राजघराण्याची एक हिशेबाची फाइलच होय.

दगडाचे गुण उघड आहेत. त्यावरचा लेख वाचावयाला वीज लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, उजेड पुरतो. लिहिलेलें कोणी गुपचूप बदलूं शकत नाहीं. दोषहि तितकेच उघड आहेत. एक ओळ कोरावयाला जेवढे श्रम पडत तेवढ्या श्रमांत कागदाचा कारकून वही भरून टाकील. चुकलें तर खोडतां येत नाहीं. आणि दुसरी प्रत हवी असेल तर दुसरा डोंगर शोधावा लागतो. शिवाय दगड अमर आहे ही समजूतहि पुरती खरी नव्हे. नाणेघाटच्या लेखाचे मोठमोठे भाग झिजून व फुटून गेले आहेत. त्याच लेण्यांत सातवाहन राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. त्यांच्या माथ्यावर कोरलेलीं नांवें मात्र राहिलीं. रूप गेलें आणि मथळा उरला. संगणकावर ज्यांना फाइलचें नांव दिसतें पण फाइल उघडत नाहीं, त्यांना ही स्थिति निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, मानमोडी, तुळजालेणें आणि लेण्याद्रि येथें, लहानमोठीं दोनशेंच्या वर लेणीं खोदलेलीं आहेत. मानमोडीच्या एका लेखांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं दिलेल्या मंडपाची व पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व टाकें दिल्याचा उल्लेख आहे. आणखी एकांत कांसारांच्या व बुरुडांच्या श्रेणींकडे दानाचा विनियोग सोंपविलेला आहे. इतकेंच काय, यवन दात्यांचीं नांवेंहि येथील दगडांवर आहेत.

आतां येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या श्रेणी धान्य घेत, विकत, ठेवी संभाळीत. त्यांचा रोजचा हिशेब खासच असला पाहिजे. त्याचें एक अक्षरहि शिल्लक नाहीं. तो ज्या पदार्थावर लिहिला गेला असेल तो नाशवंत होता, आणि तसाच असणें सोयीचें होतें. कारण सकाळीं लिहिलेला भाव संध्याकाळीं पुसावा लागतो. जें कायमचें सांगावयाचें तेवढेंच त्या व्यापाऱ्यांनीं दगडावर घातलें. वापरावयाचें लेखन एका वस्तूवर आणि ठेवावयाचें दुसऱ्या वस्तूवर, हा भेद त्या लोकांना पक्का ठाऊक होता.

पुढें कागद आला. जुन्नर हें मध्ययुगांत आणि मराठेशाहींत हातकागदाचें नामांकित केंद्र होतें. ‘जुन्नरी’ कागद हा दौलताबादी कागदाच्या बरोबरीनें ओळखला जाई. तो करणारे मुसलमान कारागीर ‘कागदी’ या नांवानेंच परिचित होते. पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुऱ्याचें नांवहि याच धंद्यावरून पडलें. कागद करण्याची रीत कष्टाची होती. सणाचे व तागाचे जुने दोर, गोणपाटाचे तुकडे, चिंध्या हा कच्चा माल. तो चुन्याच्या पाण्यांत मुरवीत, कुटीत, वाहत्या पाण्यांत धूत, पुन्हां कुटीत. मऊ लगदा झाला कीं हौदांत कालवून काड्यांच्या चटईवजा चाळणीवर त्याचा पातळ थर उचलीत. तो वाळला म्हणजे त्याला खळ लावीत आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटीत. घोटल्याखेरीज बोरू कागदावर धांवत नसे, शाई फुटे. ज्या गांवानें दोन हजार वर्षांपूर्वीं दगडावर लिहिलें, त्याच गांवानें पुढें कागद गुळगुळीत करावयाला दगड हातीं घेतला, ही गंमत सहज जातां जातां सांगण्याजोगी आहे.

असल्या कागदावर काजळाच्या शाईनें मोडी अक्षरांत मराठ्यांचें राज्य चाललें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत अशा कागदांचे हजारों रुमाल आहेत. कागद स्वस्त, हलका, घडी घालून जासुदाच्या कमरेला बांधतां येण्यासारखा, आणि नक्कल करावयाला सोपा. पण कसर, वाळवी, ओल आणि आग हे त्याचे चार शत्रु. त्यांवर जुन्या कारकुनांनीं काढलेला उपाय यांत्रिक नव्हता. तो शिस्तीचा होता. कागद रुमालांत बांधावयाचे, वेळोवेळीं उन्हें दाखवावयाचीं, महत्त्वाच्या पत्राची नक्कल दुसरीकडे ठेवावयाची. दुकानांतहि कच्ची वही निराळी आणि पक्की निराळी असे. १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. तेव्हांपासून त्या पत्रांच्या प्रती मुंबई-पुण्यापासून परदेशच्या ग्रंथालयांपर्यंत पसरल्या, आणि मूळ रुमालाला उद्यां कसर लागली तरी मजकूर जावयाचा नाहीं अशी सोय झाली.

दगड आणि कागद यांची ही ओळख करून घेतल्यावर लॅपटॉपच्या पोटांतील दोन उमेदवारांकडे वळणें सोपें जातें.

हार्ड डिस्क वयानें वडील. १९५६ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपल्या ‘रामॅक’ नांवाच्या संगणकाबरोबर पहिली अशी तबकडी-पेटी बाजारांत आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या. सबंध यंत्राचें वजन सुमारें एक टन. आणि तींत मावत पन्नास लाख अक्षरें. आज भ्रमणध्वनीनें काढलेलें एकच छायाचित्र तेवढी जागा खातें. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९६० सालीं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालूं झाला. त्याच्या मुख्य स्मृतींत फिरणारें कांहींच नव्हतें. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओंवून तिची जाळी केलेली होती, आणि तींत ४० अंकांचे २०४८ शब्द राहत. फिरणारी साठवण स्वस्त व विस्तीर्ण, न फिरणारी चपळ पण महाग, हें द्वंद्व त्या काळापासूनचें आहे. लॅपटॉपच्या दुकानांत तें आतां नव्या नांवांनीं उभें राहतें इतकेंच.

लॅपटॉपमधील हार्ड डिस्क अडीच इंची असते. तिच्यांतील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो. एका सूक्ष्म जागेचें चुंबकत्व एका दिशेनें असलें तर एक, उलट असलें तर शून्य. वाचणारी सुई तबकडीला टेकत नाहीं. फिरणाऱ्या तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते तिच्या गादीवर ती काहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केंस त्या फटींत घालावयाचा म्हटलें तर त्याचे हजारों पदर काढावे लागतील. इतक्या बारीक खुणा वाचणें ज्या शोधामुळें शक्य झालें, तो १९८८ मध्यें फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्र्युनबेर्ग यांनीं स्वतंत्रपणें लावला, आणि त्याबद्दल २००७ चें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें.

हवेच्या गादीवर चालणारें यंत्र हवा विरळ झाली कीं अडखळतें. म्हणून साध्या हार्ड डिस्कला सुमारें ३,००० मीटर उंचीची मर्यादा घातलेली असते. जुन्नरच्या रहिवाशाला त्याची काळजी नको. शेजारचा हरिश्चंद्रगड त्याच्या निम्म्यालाहि जेमतेम पोंचतो. लडाखमध्यें हानले येथें ४,५०० मीटरांवर भारताची वेधशाळा आहे, तेथल्या लोकांना मात्र ती काळजी करावी लागते. जुन्नरकराची अडचण निराळी. चालूं लॅपटॉप मांडीवर घेऊन एस. टी. च्या गाडींतून आडगांवच्या रस्त्यानें जाणाऱ्या विद्यार्थ्याची तबकडी प्रत्येक खड्ड्याला जीव मुठींत धरून फिरत असते. सुई एकदां तबकडीवर आदळली कीं त्या जागेचा लेप खरवडला जातो.

वेगाचा हिशेबहि याच फिरण्यांतून निघतो. हवी ती जागा सुईखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें. त्यांत सुईचा दांडा सरकण्याचा वेळ मिळविला म्हणजे एका तुकड्यामागें सेकंदाचा सुमारें पंधरा हजारांश, म्हणजे पंधरा मिलिसेकंद जातात. दप्तरांतील शिपाई प्रत्येक कागदासाठीं निराळ्या फडताळाकडे धांवत असावा तसाच हा प्रकार. संगणक सुरू होतांना त्याला इकडचे-तिकडचे दहा हजार बारीक तुकडे लागले असें धरलें, तर नुसत्या धांवपळींत १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटें होतात. एसएसडीला एका तुकड्यामागें सुमारें एक दशांश मिलिसेकंद पुरतो. तेंच काम ती एका सेकंदांत आटोपते. उलट एकच मोठा चित्रपट पाहावयाचा असेल तर सगळे कागद एकाच रुमालांत ओळीनें असतात; तेथें हार्ड डिस्कहि सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज देते, आणि पाहणाराला दोहोंतील फरक कळतहि नाहीं. जुना लॅपटॉप ‘मंद झाला’ म्हणून टाकून द्यावयास निघालेल्या गृहस्थानें आधीं त्यांतील हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदां म्हातारी ती तबकडी असते, यंत्र नसतें.

एसएसडीचा जन्म जपानमधला. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश स्मृति १९८४ सालीं विद्वत्सभेपुढें मांडली आणि १९८७ मध्यें तिचा ‘नॅण्ड’ हा प्रकार पुढें आला. आजची एसएसडी त्याच वंशांतली. १९९१ सालीं सनडिस्क कंपनीनें (तेव्हां तिच्या नांवाचा उच्चार ‘सन’ असाच होता) २० मेगाबाइटची अशी पेटी केली आणि तिची किंमत हजार डॉलरच्या घरांत होती. पुढें तीस वर्षांत किंमत इतकी उतरली कीं ती विद्यार्थ्याच्या दप्तरांत जाऊन बसली.

तिच्यांत फिरणारें कांहीं नाहीं. सिलिकनच्या चिपेवर कोट्यवधि सूक्ष्म कोठ्या असतात आणि प्रत्येक कोठींत विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात. कोठीच्या भिंती विद्युत्रोधक पदार्थाच्या, त्यामुळें वीज बंद केली तरी कण आंत राहतात. किती कण आहेत यावरून आंकडा वाचावयाचा. पहिल्यानें एका कोठींत एकच अंक ठेवीत. मग जागा वाढविण्यासाठीं दोन, तीन, चार अंक ठेवूं लागले. चार अंक ठेवावयाचे म्हणजे एका कोठींतील सोळा निरनिराळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. माल स्वस्त झाला खरा, पण पातळ्या जितक्या दाट तितकी चूक होण्याचा संभव अधिक आणि कोठीचें आयुष्य कमी. दुकानांत ‘टीएलसी’ म्हणजे तीन अंकांची आणि ‘क्यूएलसी’ म्हणजे चार अंकांची. तेवढीं अक्षरें विचारून घेणें हें गिऱ्हाइकाच्या हिताचें आहे.

या कोठ्यांचा स्वभाव जुन्या शाळेंतील धूळपाटीची आठवण करून देतो. मात्र येथें एक विलक्षण अट आहे. पाटीवरचें एकच अक्षर पुसतां येत नाहीं. पुसावयाची तर सबंध पाटी पुसावी लागते. म्हणून ज्या पाटीवर चार अक्षरें बाद आणि बाकी कामाचीं आहेत, तिच्यावरचीं कामाचीं अक्षरें एसएसडी आधीं दुसऱ्या पाटीवर उतरून घेते आणि मग पहिली पुसते. प्रत्येक पुसण्याबरोबर कोठीची भिंत किंचित् झिजते. एकाच पाटीवर भार पडूं नये म्हणून आंतील नियंत्रक सगळ्या पाट्या आळीपाळीनें वापरतो. ही झीज ऐकून पुष्कळ लोक विनाकारण घाबरतात. एक टेराबाइटच्या तीन-अंकी एसएसडीवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी सामान्यतः दिलेली असते. घरच्या लॅपटॉपवर रोज २० गिगाबाइट लिहिलें, आणि तें पुष्कळच झालें, तरी त्या हमीला ३०,००० दिवस, म्हणजे ८२ वर्षें पुरतात. झिजून मरण्याइतकें आयुष्य तिला घरांत मिळतच नाहीं.

खरी भीति दुसऱ्या ठिकाणीं आहे, आणि तिची चर्चा दुकानांत होत नाहीं. कोंडलेले कण हळूहळू पाझरतात. एसएसडीच्या प्रमाणनियमांत घरगुती वापरासाठीं घातलेली अट अशी कीं, झिजून मर्यादेला आलेली एसएसडी वीज न देतां ३० अंश सेल्सिअस तपमानांत ठेवली तर तिनें निदान एक वर्ष मजकूर संभाळला पाहिजे. एक वर्ष! नवी असेल तर ती याहून पुष्कळ अधिक टिकते. परंतु कपाटांत बंद करून विसरून जाण्याची ती वस्तु नव्हे, आणि उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर टाकण्याची तर नव्हेच. हार्ड डिस्कच्या लेपांतील चुंबकत्व वर्षानुवर्षें राहतें. तिचे सांधे व वंगण मात्र आखडतात, म्हणून तिला अधूनमधून फिरवावी लागते. मोडण्याची तऱ्हाहि दोघींची निराळी. हार्ड डिस्क पुष्कळदां कुरकुरते, टकटक आवाज करते, मालकाला सूचना देऊन जाते. एसएसडी काल चालूं असते आणि आज नसते. हार्ड डिस्कवरची चुकून पुसलेली फाइल बहुधा कांहीं काळ तेथेंच पडून असते व जाणकाराला परत काढतां येते. एसएसडी रिकाम्या झालेल्या पाट्या आपण होऊन साफ करीत असल्यामुळें ती आशा थोडी.

साठवणीचा हाच प्रश्न अवाढव्य प्रमाणावर सोडवावा लागतो असें एक स्थळ जुन्नर तालुक्यांतच आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मीटर-लांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप (१९२९ ते २०२०) यांनीं या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करतां बारीक पोलादी तारेच्या जाळीच्या केल्या. जाळीचीं भोकें कोठें १०, कोठें १५, कोठें २० मिलिमीटरांचीं. मीटरभर लांबीच्या लहरीला एवढी विरळ जाळीहि भिंतीसारखी वाटते. मग महाग पत्रा कशाला, आणि त्यावर बसणारा वाऱ्याचा मार तरी कशाला? काम पाहून पदार्थ निवडण्याचें याहून सुरेख उदाहरण या पंचक्रोशींत दुसरें नसेल.

२००२ पासून ही दुर्बीण जगांतील शास्त्रज्ञांना खुली झाली. पुढें तिची सुधारणा होऊन एकावेळीं ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा टिपण्याची सोय झाली. एवढ्या रुंद पट्ट्यासाठीं एका तबकडीच्या एका ध्रुवणाचे सेकंदाला निदान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तीस तबकड्या आणि दोन ध्रुवणें, म्हणजे सेकंदाला ४,८०० कोटी. एका नमुन्याला एक बाइट धरला तर तो प्रवाह सेकंदाला ४८ गिगाबाइट झाला. ५१२ गिगाबाइटचा लॅपटॉप त्यानें अकरा सेकंदांत तुडुंब भरेल, आणि घरीं ८२ वर्षें पुरणारी ती ६०० टेराबाइटांची हमी साडेतीन तासांत संपेल. अर्थात् हें सगळें कोणी ठेवीत नाहीं. तीस तबकड्यांच्या ज्या ४३५ जोड्या होतात, त्या प्रत्येक जोडीच्या लहरी जागच्याजागीं ताडून त्यांचें सार तेवढें लिहून ठेवतात. कच्ची वही येथें सेकंदाच्याहि अंशांत पुसली जाते आणि पक्की तेवढी दप्तरदाखल होते.

पक्क्या वहीचें मोल किती, हें लवकरच दिसून आलें. २०१० ते २०१२ या काळांत या दुर्बिणीनें १५० मेगाहर्ट्‌झवर दोन हजारांहून अधिक तास आकाश टिपून ठेवलें. पुढें हॉलंडचे हुइब इंटेमा व त्यांचे सहकारी यांनीं दप्तरांतील तीच माहिती नव्या गणितानें पुन्हां उकलली, आणि २०१७ मध्यें आकाशाच्या सुमारें नव्वद टक्के भागाचा नकाशा व त्यांतील ६ लाख २० हजारांहून अधिक रेडिओ-स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बीण नव्यानें वळवावी लागली नाहीं. टिपणाऱ्याला जें दिसलें नव्हतें तें पांच वर्षांनीं वाचणाऱ्याला दिसलें. कारण मधल्या काळांत मजकूर कोणी तरी जपला होता.

मंचरच्या दुकानांत उभ्या असलेल्या पालकाला दुर्बीण चालवावयाची नसते; पण त्याच्या घरींहि दोन वह्या असतात. मुलीचा अभ्यास, चालूं कामाचीं कागदपत्रें, स्वतः संगणकाची कार्यप्रणाली ही कच्ची वही. ती सारखी उघडावयाची, बदलावयाची, पिशवींतून हिंडवावयाची. तिला एसएसडीच हवी, आणि जागेच्या लोभानें तेथें हार्ड डिस्क घेणें म्हणजे रोजच्या हिशेबासाठीं डोंगर खोदणें होय. २५६ गिगाबाइट लवकर अपुरे पडतात, ५१२ घ्यावेत. आजोबांचा आवाज, लग्नांतील छायाचित्रें, जमिनीच्या दस्तांच्या प्रती ही पक्की वही. तिला दर गिगाबाइटला स्वस्त पडणारी, बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क योग्य; वर्षांतून एक-दोनदां ती फिरवून पाहावी. मात्र किंमतींवर भरंवसा ठेवूं नये. २०११ सालीं थायलंडमध्यें पूर आला, तेथील कारखाने पाण्याखालीं गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागली. चिपांच्या बाजारालाहि अशीच भरती-ओहोटी येते.

आणि या दोन वह्या एका छपराखालीं ठेवूं नयेत. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें गांव घोडनदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयांत बुडालें. तालुक्याचें ठाणें घोडेगांवीं आहे. नाणेघाटच्या मूर्तींसारखें येथेंहि नांव वर राहिलें आणि वस्तु खालीं गेली. धरणाचें पाणी आगाऊ सूचना देऊन येतें. चोर, आग आणि विजेचा झटका देत नाहींत. म्हणून मंचरच्या घरची हार्ड डिस्क पुण्याच्या मावशीच्या कपाटांत असावी आणि मावशीची मंचरला. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून आंत काय आहे आणि शेवटची नक्कल कोणत्या तारखेला उतरली, तें लिहावें. शाई काजळाची मिळाली तर उत्तम.